'नॉट' कोठे बसतो?

रास तनुरात नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यातच तीन नकार भेटतात. हिंदीतला 'नहीं' तो घरूनच घेऊन आलेला असतो. दुसरा 'मा फी'. दुकानात, टॅक्सीत, कामावर, जेथे जावे तेथे 'मा फी'. 'फुलूस मा फी' म्हणजे पैसे नाहीत, 'मुश्किल मा फी' म्हणजे अडचण नाही. नवख्या कानाला ही 'माफी' वाटते आणि समोरचा मनुष्य घडोघडी कशाची क्षमा मागतो आहे, असा प्रश्न पडतो. दोन दिवसांत उलगडा होतो. 'फी' म्हणजे आहे, 'मा फी' म्हणजे नाही. संपले व्याकरण! तिसरा नकार मात्र इंग्रजीतला, आणि तो बोलण्यापेक्षा लिहिण्यात अधिक भेटतो: फाटकावर, टाकीवर, व्हॉल्व्हला लटकवलेल्या पट्टीवर, करारपत्रात, रजेच्या अर्जात, नोकरी सोडताना सही करायच्या कागदात. वर्षे गेली तरी हा नकार पुरता पचत नाही. त्याच्याविषयी आज चार गोष्टी लिहिण्याचा विचार आहे.

या गावाच्या नावातच भट्टी आहे. 'रास' म्हणजे भूशिर, आणि 'तनुरा' हा आपल्या ओळखीच्या तंदूरचा भाऊबंद. नावाची सार्थकता जुलै-ऑगस्टात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. १ मे १९३९ रोजी सौदी खनिज तेलाने भरलेले पहिले टँकर-जहाज येथून निघाले आणि १९४५ मध्ये येथली रिफायनरी सुरू झाली. तेल काढणारी कंपनी मुळात अमेरिकन. १९८० मध्ये तिची संपूर्ण मालकी सौदी सरकारकडे आली, १९८८ मध्ये नावातही 'सौदी' आले, पण कामाच्या कागदावरची इंग्रजी जागची हलली नाही. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात कामे निघाली आणि आपल्याकडचे फिटर, वेल्डर, रिगर, स्टोअरकीपर, टाइमकीपर, हिशेबनीस येथे येऊ लागले. त्यांतले कितीतरी मराठी माध्यमातले. इंग्रजीशी गाठ पडली ती पाचवीत.

शाळेने या मंडळींना इंग्रजी नकार शिकवला नाही असे नाही. (पाहा, मराठीत एकाच वाक्यात दोन 'नाही' किती सुखाने नांदतात! इंग्रजीच्या मास्तरांनी खाली तांबडी रेघ ओढली असती.) दहावीच्या परीक्षेला 'अर्थ न बदलता वाक्य नकारार्थी करा', 'टू काढून लिहा', 'इफ काढून अनलेस घाला', 'नो सूनर... दॅन वापरा' असले प्रश्न हमखास असत. तर्खडकरांच्या पाठमाला घोकणाऱ्या पिढीपासून गाइडवर भिस्त ठेवणाऱ्या पिढीपर्यंत सर्वांनी ही कसरत केली आणि गुण मिळवले. गंमत अशी की, हा 'नो सूनर' आम्ही येथल्या एकाही अहवालात किंवा पत्रात आजवर पाहिलेला नाही. ज्याच्यासाठी रात्री जागवल्या तो पाहुणा आलाच नाही! रोज दारात उभे राहतात ते 'अनटिल' आणि 'अनलेस'. आणि घसरगुंडी आहे ती तेथेच.

समजा, एखादा पंप दुरुस्तीला घेतला आहे. रिफायनरीत असले काम परमिटवर चालते. कोणते काम, कोणत्या जागी, किती वेळ, नळी कोठे बंद केली, वायूची तपासणी कोणी केली, हे सारे कागदावर येते आणि त्यावर सह्या होतात. सही झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. आता आपला फोरमन मराठीत सांगेल, 'जोपर्यंत परमिटवर सही होत नाही तोपर्यंत पंप चालू करू नका.' चोख मराठी. कोणी बोट ठेवणार नाही. हेच वाक्य मनात धरून तो वहीत इंग्रजी लिहितो: 'डू नॉट स्टार्ट द पंप अनटिल द परमिट इज नॉट साइन्ड.' हिंदी-उर्दूवाल्या सोबत्यांना त्यात काही खटकत नाही, कारण त्यांचे 'जब तक... नहीं' आपल्याच वळणाचे. पण इंग्रजीच्या हिशेबाने या वाक्याचा अर्थ काय होतो? 'परमिट सहीविना असेल अशी वेळ येईपर्यंत थांबा.' आणि परमिट तर या क्षणीच सहीविना पडले आहे! म्हणजे वाक्याचा शब्दशः अर्थ घेणाऱ्याने पंप खुशाल चालू करावा. लिहिणाऱ्याच्या मनात जे होते त्याच्या नेमके उलट.

यात अज्ञानाचा दोष थोडा, दोन भाषांच्या मोजणीचा अधिक. मराठीचे 'जोपर्यंत' मधला काळ मोजते. त्या साऱ्या काळात सही झालेली नसते, म्हणून 'नाही' हवे. इंग्रजीचे 'अनटिल' त्या काळाच्या शेवटच्या टोकावर बोट ठेवते. त्या टोकाला सही होते, म्हणून तेथे 'नॉट'ला जागा नाही. औषध आपल्या भाषेतच आहे. 'सही होईपर्यंत पंप चालू करू नका' असेही आपण म्हणतोच की नाही? या वाक्यात नकार एकच, आणि इंग्रजीत असतो त्याच जागी. लिहिण्यापूर्वी मनातले वाक्य 'होईपर्यंत'वर आणले की 'अनटिल' आपोआप सरळ बसतो. 'अनलेस'चेही तसेच. त्याचा मराठी अवतार 'झाल्याशिवाय'. 'परवानगी मिळाल्याशिवाय आत जाऊ नका' असे आपण म्हणतो. 'न मिळाल्याशिवाय' असे खेड्यातले पोरही म्हणत नाही. नकार 'शिवाय'च्या पोटातच असतो, तसा तो 'अनलेस'च्याही पोटात आहे. आमच्या ओळखीच्या एका सुपरवायझरांनी आपल्या वहीच्या पहिल्या पानावर 'होईपर्यंत – अनटिल, झाल्याशिवाय – अनलेस' एवढेच लिहून ठेवले आहे. व्याकरणाच्या जाड पुस्तकापेक्षा ते पान अधिक कामाचे, असे आमचे मत आहे.

परमिटच्या कागदाची किंमत तेलाच्या धंद्याला फार महागात पडून कळली. ६ जुलै १९८८ च्या रात्री ब्रिटनच्या उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर एक पंप दुरुस्तीसाठी बंद होता. त्याचा सुरक्षा व्हॉल्व्ह काढून नेलेला होता आणि त्या जागी तात्पुरती चकती बसवलेली होती. त्या कामाचा कागद होता, पण ही गोष्ट रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोहोचली नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हा चालू केला. १६७ माणसे गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला आणि परमिटकडे पाहण्याची सगळ्या धंद्याची नजर बदलली. तेथे चूक भाषेची नव्हती, कागद वेळेवर डोळ्यांसमोर आला नाही. पण डोळ्यांसमोर येऊन उलटा वाचला गेलेला कागद तरी काय वेगळे करणार?

लिहिण्याइतकाच घोळ उत्तर देण्यात आहे. 'अजून जेवला नाहीत?' असे कोणी विचारले की आपण म्हणतो, 'हो ना, वेळच मिळाला नाही.' हा 'हो' विचारणाऱ्याला आहे. तुम्ही म्हणता ते खरे, असा त्याचा अर्थ. इंग्रज मनुष्य विचारणाऱ्याकडे पाहत नाही, ताटाकडे पाहतो. जेवण झालेले नाही, मग उत्तर 'नो'. घरात याने फारसे बिघडत नाही. फार तर वहिनी एक पोळी जास्त लाटतील. पण वॉकी-टॉकीवर पलीकडून प्रश्न येतो, 'द लाइन इज नॉट आयसोलेटेड?' आणि आपला माणूस प्रामाणिकपणे म्हणतो, 'यस.' त्याला म्हणायचे असते, 'होय, नळी अजून तोडलेली नाही.' ऐकणारा समजतो, 'होय, तोडली आहे.' दोघेही आपापल्या भाषेत बरोबर, आणि नळीत वायू!

याबाबत इंग्रजांनी फार तोरा मिरवू नये. त्यांच्याकडे पूर्वी एकाऐवजी दोन होकार आणि दोन नकार होते. साध्या प्रश्नाला 'ये' आणि 'ने', नकारार्थी प्रश्नाला 'यस' आणि 'नो'. सोळाव्या शतकाच्या आसपास हा भेद मावळला आणि 'यस-नो' ही जोडीच सगळीकडे पुरवून घ्यावी लागली. अरबीने आपले हत्यार जपून ठेवले आहे. ग्रांथिक अरबीत नकारार्थी प्रश्नाला 'नअम' म्हटले तर 'होय, नाही' आणि 'बला' म्हटले तर 'नाही कसे, आहे!' आपल्या 'आहे की!' मध्येही तो झटका आहे, पण तो कागदावर उतरत नाही.

समुद्रावरच्या लोकांनी या दुखण्यावर फार पूर्वी इलाज शोधला. रास तनुराच्या बंदरात लागणाऱ्या टँकरवर एकाच वेळी चार देशांची माणसे असतात आणि कोकणातले खलाशी त्यांत नवे नाहीत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये जहाजांवरच्या बोलण्यासाठी ठरावीक इंग्रजी वाक्ये मंजूर केली. त्यांतला एक नियम असा की, उत्तर नुसते 'यस' किंवा 'नो' असे द्यायचे नाही, त्यापुढे पूर्ण वाक्य म्हणायचे. 'नो, द लाइन इज नॉट आयसोलेटेड.' मग 'यस' चुकला तरी मागचे वाक्य सावरून घेते. विमानवाले 'नो'च्या जागी 'निगेटिव्ह' म्हणतात आणि होकाराला 'अफर्मेटिव्ह' न म्हणता 'अफर्म' एवढेच म्हणतात. दोन्ही शब्दांचे शेपूट सारखे राहिले तर खरखरीत कोणता शब्द ऐकू आला हे कळणार कसे? जमिनीवरच्या आपल्या कामगारांनीही हा खलाशी नियम उचलावा. त्यासाठी कोणत्या साहेबाची परवानगी लागत नाही.

आता टाक्यांकडे वळू. 'सगळ्या टाक्या रिकाम्या नाहीत.' मराठीत हे वाक्य ऐकले की काही रिकाम्या आहेत, काही भरलेल्या, असे बहुधा समजते. आवाजाच्या चढउतारावरून उरलेले कळते. 'ऑल द टँक्स आर नॉट एम्प्टी' असे लिहिले की आवाज गेला, आणि वाचणाऱ्याच्या हातात दोन अर्थ उरले. एकही रिकामी नाही, की काही रिकाम्या नाहीत? येथे 'नॉट'ला उचलून अगदी पुढे बसवावे लागते. 'नॉट ऑल द टँक्स आर एम्प्टी' म्हणजे काही भरलेल्या आहेत. 'नन ऑफ द टँक्स इज एम्प्टी' म्हणजे सगळ्यांत माल आहे. मराठीचा 'नाही' वाक्याच्या शेवटी बसतो आणि तेथून साऱ्या वाक्यावर देखरेख करतो. इंग्रजीचा 'नॉट' ज्याच्या शेजारी बसतो त्याचाच सोबती. म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, इंग्रजी नकार शिकायचा म्हणजे नवे शब्द शिकणे फार थोडे, बैठक शिकणे फार. त्याहून बरे म्हणजे टाक्यांचे नंबर लिहावेत: तीन आणि पाच रिकाम्या, चार भरलेली. आकड्यांना नकार नसतो.

काही शब्द नकाराचे सोंग घेतात. आपल्याकडच्या रस्त्यांवर पेट्रोलच्या टँकरच्या पाठीवर 'हायली इन्फ्लेमेबल' असे लिहिलेले आपण लहानपणापासून वाचत आलो. येथे अमेरिकन वळणाने 'फ्लेमेबल' लिहितात. 'करेक्ट'चे 'इनकरेक्ट', 'व्हिजिबल'चे 'इनव्हिजिबल', मग 'फ्लेमेबल'चे 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारे, असा तर्क शिकलेल्या माणसानेही केला तर त्याला हसू नये. हा 'इन' नकाराचा नव्हे. पेट घेणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून तो आला आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच: ज्वालाग्राही. खुद्द अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेला ही भीती वाटली आणि १९२० च्या दशकात तिने 'इन्फ्लेमेबल' सोडून 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला. न पेटणाऱ्याला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणायचे. इंग्रजी ज्यांची आईची भाषा आहे त्यांनीच जेथे शब्द बदलला, तेथे आपण का शरमावे?

सुरक्षेच्या भाषणात एक वाक्य नेहमी येते: 'यू कॅनॉट बी टू केअरफुल.' दहावीला 'टू काढा' करून आलेला मुलगा मनातल्या मनात 'टू' काढतो आणि त्याच्या हाती येते, 'फार काळजी घेता येत नाही' किंवा त्याहून वाईट, 'फार काळजी घेऊ नका.' खरा अर्थ उलट आहे आणि मराठीत त्याला फार सुरेख वाक्य आहे: काळजी घ्यावी तेवढी थोडीच. या 'टू'ने इंग्रजांनाही चकवले आहे. 'नो हेड इंज्युरी इज टू ट्रिव्हिअल टु इग्नोर' हे वाक्य घ्या. डोक्याला झालेली इजा कितीही क्षुल्लक असली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करू नका, असेच ज्याला त्याला वाटते. शब्द सुटे करून पाहा. 'दुर्लक्ष करता येणार नाही इतकी क्षुल्लक इजा कोणतीच नसते', म्हणजे सगळ्याच इजांकडे दुर्लक्ष करा! पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने एका सहकाऱ्यासह १९७९ मध्ये या वाक्यावर निबंध लिहून दाखवले की, इतके नकार एकत्र आले की मेंदू मोजणे सोडून देतो आणि व्यवहारज्ञानाने जो अर्थ असावासा वाटतो तोच धरतो. सुदैवाने व्यवहारज्ञान बहुधा बरोबर असते. जेथे जागा नवी, यंत्र नवे, तेथे ते आणायचे कोठून?

'हार्डली'ची गोष्ट दोन ओळींत. 'आय हॅव वर्क्ड हार्डली फॉर टेन इयर्स' असे अर्जात लिहिणारा बिचारा दहा वर्षे राबलेला असतो. वाचणाऱ्याला वाटते, दहा वर्षांत याने फारसे काही केलेले दिसत नाही. 'हार्ड' आणि 'हार्डली' यांच्यात घाम आणि आळस एवढे अंतर आहे.

उलट, ज्यांना इंग्रजी चांगली येते त्यांची खोड निराळी. 'नॉट अनविलिंग', 'नॉट अनअवेअर' अशी दुहेरी गाठ मारली की पत्राला भारदस्तपणा येतो, असा हेडक्लार्क मंडळींचा समज. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्येच या सवयीची टर उडवली होती. पण आपली कार्यालये त्याआधीच ती शिकून बसली होती. साहेब 'तयार आहेत' की 'नाराज नाहीत', हे अर्जदाराला कळायला नको का?

मराठीची श्रीमंती येथे आठवते. इंग्रजी बरीचशी कामे एका 'नॉट'वर भागवते; आपल्याकडे नाही, नको, नये, नव्हे असे चार भाऊ वेगवेगळ्या स्वभावाचे. 'नको'त मायाही असते, 'नव्हे'त वाद असतो, आणि 'नये' तर पाटीसाठीच जन्मला आहे. 'येथे वाहने लावू नयेत.' कोणी सांगितले, कोणाला सांगितले, काही नाही, नुसती मर्यादा. पुण्याच्या पाट्यांची निम्मी धार या 'नये'ची आहे. अरबी पाटी 'ला' म्हणत बसत नाही, ती सरळ 'ममनूअ' म्हणते. 'ममनूअ अत्-तद्खीन' म्हणजे धूम्रपानास मनाई. आणि आपली 'मनाई' त्याच अरबी धातूची. इंग्रजी 'नो स्मोकिंग' आणि वरची अरबी ओळ यांतली आपल्याला जवळची कोणती, हा प्रश्नच आहे.

शब्दांची ही सोयरीक कागदांतही आहे. आखातातले आपले आयुष्य नकारार्थी कागदांवर उभे असते. 'नो ऑब्जेक्शन सर्टिफिकेट', मराठीत ना-हरकत प्रमाणपत्र. त्यातला 'ना' फारसी, 'हरकत' अरबी. फक्त अरबीत 'हरकत' म्हणजे हालचाल आणि मराठीत ती होऊ न देणे! जुन्या मालकाच्या या एका कागदावाचून नोकरी बदलता येत नसे आणि त्यापायी कितीजणांची वर्षे गेली. १४ मार्च २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या कामगारांना, एक वर्ष भरल्यावर आणि ठरावीक अटींवर, मालकाच्या संमतीविना नोकरी बदलण्याची वाट मोकळी झाली. दुसरा कागद आपल्याच सरकारचा. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक नॉट रिक्वायर्ड' असा शिक्का येऊ लागला आणि त्या एका 'नॉट'साठी लोकांनी कार्यालयांचे उंबरठे झिजवले. 'नॉट' असला की विमानतळावर सुटका, नसला की तपासणी. जानेवारी २००७ पासून तो शिक्का मारणे बंद झाले आणि कोरे पान म्हणजेच 'तपासणी नको' असे ठरले. ज्यांना तपासणी हवी त्यांच्याच पासपोर्टवर तसे लिहायचे. तेव्हा जुने लोक कोरे पान पाहून घाबरत आणि शिक्का राहिला म्हणून परत रांगेत उभे राहत.

तिसरा कागद सर्वांत जपून वाचायचा. तो शेवटी येतो.

रास तनुराला लागून रहीमा हे गाव आहे. तेथे राहणारे सांगलीकडचे एक फिटर एका लहान ठेकेदाराकडे नऊ वर्षे होते. करार संपला आणि परत जायचे ठरले. निघण्यापूर्वी त्यांच्यापुढे सहीला कागद आला: 'आय हॅव नो क्लेम व्हॉट्सोएव्हर अगेन्स्ट द कंपनी.' गृहस्थ खुशीत. गावी त्यांच्या स्कूटरच्या विम्यावर 'नो क्लेम बोनस' मिळत असे. त्यांना वाटले, हाही बोनसचाच कागद. सही करण्याआधी शेजारच्या खोलीतल्या साताऱ्याच्या स्टोअरकीपरला त्यांनी तो हौसेने दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, 'पाव्हणं, ह्यो बोनसचा कागद न्हवं. माजं काय बी येणं न्हाई, असं तुमीच लिवून देताय.'

येणे होते. सौदी अरेबियाच्या २००५ च्या कामगार कायद्याच्या ८४ व्या कलमाप्रमाणे नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी अर्ध्या महिन्याचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण महिन्याचा पगार द्यावा लागतो. शेवटचा पगार धरायचा. फिटरांचा पगार दोन हजार रियाल. पाच वर्षांचे पाच हजार, चार वर्षांचे आठ हजार, एकूण तेरा हजार. कामगाराने स्वतः राजीनामा दिला तर पाच ते दहा वर्षांच्या नोकरीला यातले दोन-तृतीयांशच मिळतात. येथे करार पुरा झाला होता, म्हणून पूर्ण रक्कम. करार चालू असताना कामगाराने हक्क सोडल्याचे लिहून दिले तर आठव्या कलमाप्रमाणे ते निरर्थक ठरते, पण हा कागद करार संपल्यानंतरच्या तारखेचा होता. सही गेली असती तर पुढे भांडणे अवघड झाले असते. शिवाय त्या कागदाला एक अरबी बाजूही होती, आणि दोन मजकुरांत फरक पडला तर अरबी मजकूर धरला जातो. स्टोअरकीपरने ती बाजू एका सुदानी सोबत्याकडून वाचून घेतली. तेथेही तेच होते.

मग त्याने एका कोऱ्या कागदावर इंग्रजीत तीन वाक्ये लिहून दिली. नऊ वर्षे काम केले. शेवटचा पगार दोन हजार रियाल. कलम ८४ प्रमाणे तेरा हजार येणे आहे, ते मिळाल्यावर सही करीन. तिन्ही वाक्यांत एकही 'नॉट' नव्हता, 'नो'ही नव्हता. ठेकेदाराच्या हिशेबनिसाने कागद वाचला, फिटरांकडे पाहिले आणि तो घेऊन आत गेला. आठ दिवसांनी नवा कागद आला. त्यात 'नो क्लेम' होतेच, पण त्याच्या वरच्या ओळीत तेरा हजारांचा आकडा होता. फिटरांनी आधी बँकेत जाऊन पैसे जमा झाल्याचे पाहिले, आणि मग सही केली.